सोळाच्या चौकटीत पंधराचा लूप: डान्स म्युझिकमध्ये विषम लांबीचे लूप कसे वापरायचे

एकल तबलावादनात लेहरा धरणारा सोळा मात्रांचं तेच आवर्तन न कंटाळता वाजवत राहतो. तबलजी पाच, सात, नऊ मात्रांच्या तुकड्यांनी कुठेकुठे भटकून येतो आणि ऐकणारे वाट बघत असतात ती समेची. लेहरा जागचा हलला, तर तबलजीनं काय केलं हे कुणालाच कळणार नाही. हाऊस, टेक्नो, ट्रान्स या संगीतात लेहऱ्याचं काम किक (ड्रमचा जाड, तळाचा ठोका) करते. ती सोळा सारख्या घरांत, म्हणजे स्टेपांत, चार वेळा, १, ५, ९ आणि १३ वर पडते आणि पडतच राहते. तिच्यावर बाकीच्यांनी काय करायचं, एवढाच या लेखाचा विषय.

लूपची (पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तुकड्याची) लांबी १५ किंवा ७ स्टेप करणं हे दोन क्लिकचं काम आहे, ते कुणालाही जमतं. तो लूप समेवर कधी आणायचा हे ठरवण्यात खरी मेहनत आहे. बहुतेक फसलेले प्रयोग इथेच फसतात: लूप सोडून दिलेला असतो आणि तो कुठे पोचेल याचा विचार केलेला नसतो.

आधी हिशोब

रोलँडच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवर सोळा बटणांची रांग होती. एक रांग म्हणजे चार बीटचा एक बार आणि एक बटण म्हणजे बीटचा चौथा भाग. आजही बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हीच चौकट आपोआप समोर येते. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ बीट) एक बार १.८७५ सेकंदांचा आणि एक स्टेप साधारण ०.११७ सेकंदाची होते. हे दोन आकडे लिहून ठेवा, पुढे लागतील.

विषम आकड्याचं गणित सोपं आहे. लूप जितक्या स्टेपचा, तितक्या बारनंतर तो पुन्हा किकच्या पहिल्या ठोक्याशी भेटतो. ५ स्टेपचा लूप ५ बारनंतर, ७ चा ७ नंतर, १५ चा १५ बारनंतर, म्हणजे १२८ बीपीएमला सुमारे २८ सेकंदांनी. सम आकडे लवकर भेटतात: ६ आणि १२ चे लूप ३ बारनंतर, १० चा ५ नंतर, १४ चा ७ नंतर. हा साधा लसावि आहे.

दोन विषम थर एकत्र आले की आकडे झपाट्याने वाढतात. किकच्या १६ बरोबर ७ आणि ५ चे लूप ठेवले, तर सगळे पुन्हा एकत्र यायला ५६० स्टेप, म्हणजे ३५ बार लागतात. १६, १५ आणि १३ घेतले तर १९५ बार, सहा मिनिटांहून थोडं जास्त. अख्खा ट्रॅक संपतो, पण एकदाही पुनरावृत्ती होत नाही. हे ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात नाचणाऱ्याला तो फक्त गोंधळ वाटतो, कारण ज्या समेची वाट बघता येत नाही ती सम असून नसल्यासारखीच. एका वेळी एक विषम थर ऐकू येईल असा ठेवा, फार तर दुसरा अगदी मागे. तिसऱ्याचा मोह टाळा.

एक गल्लत इथेच दूर करू. पाच स्टेपचा लूप म्हणजे चार बीटच्या जागेत पाच ठोके बसवणं नव्हे. तो प्रकार लयकारीचा, आडीच्या अंगाचा. आपल्याकडे स्टेपची लांबी सगळ्यांची सारखीच राहते, फरक फक्त आवर्तनाचा. म्हणून ७ स्टेपचा हायहॅट ठेवला की रूपक झाला असंही नाही. रूपकात ऐकणाऱ्याचा पायच सातात पडतो, आणि त्याची सम ‘खाली’च्या जागी असते हा आणखी वेगळा मामला. इथे पाय चारातच राहायला हवा.

पहिली पायरी: ठोक्याला हात न लावता

सुरुवात ताल न मोडता करता येते. साधा एका बारचा सिंथ लूप घ्या आणि त्याच्या फिल्टरची हालचाल ५ बीटची करा. सूर जागच्या जागी राहतात, पण आवाज उघडण्या-मिटण्याची जागा दर फेरीला एका बीटने पुढे सरकते आणि ५ बारनंतर मूळ जागी येते. ऐकणाऱ्याला लूप जिवंत वाटतो, का ते सांगता येत नाही. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या एन्व्हलपवर (आवाज कसा बदलायचा त्या आलेखावर) ‘लिंक्ड’ काढून ‘अनलिंक्ड’ करा आणि एन्व्हलपच्या लूपची लांबी १.१.० द्या, म्हणजे एक बार अधिक एक बीट. इतर सॉफ्टवेअरमध्ये ऑटोमेशनची ५ बीटची क्लिप कापून एकापुढे एक मांडली तरी तेच होतं.

डिले वापरणाऱ्यांनी तर हा खेळ नकळत आधीच खेळलेला असतो. डॉटेड एट्थ डिले म्हणजे ३ स्टेपचं अंतर. एका ठोक्याचे प्रतिध्वनी १, ४, ७, १०, १३, १६ वर पडतात आणि बारच्या रेषेची पर्वा न करता पुढे जातात. ट्रान्समधल्या आर्पेजिओंना (एकामागून एक वाजणाऱ्या सुरांच्या मालिकांना) जी धाव असते, त्यात या तीनाच्या चालीचा वाटा मोठा आहे.

दुसरी पायरी: एक कोरडा पर्कशन थर

आता ठोक्यात हात घालू. टेम्पो १२८. किक चारही बीटवर, क्लॅप दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर. हे दोन्ही शेवटपर्यंत सोळाचेच. त्यावर रिमशॉट किंवा वुडब्लॉकसारखा छोटा, कोरडा आवाज घ्या. लांब शेपटीचे आवाज नकोत, त्यात स्टेपची कड बोथट होते.

पाच स्टेपचा लूप करा, ठोके १ आणि ४ वर. पहिल्या बारमध्ये तो १, ४, ६, ९, ११, १४, १६ वर पडेल आणि दुसऱ्या बारमध्ये ३, ५, ८, १०, १३, १५ वर. लूपमध्ये दोनच ठोके, तरी दोन्ही बार वेगळे झाले. किकशी तो कधी १ आणि ९ वर भेटतो, कधी ५ आणि १३ वर. कान नेमके या भेटी टिपतो.

छोटे लूप (३, ५, ७) आणि मोठे लूप (११, १३, १५) यांचा स्वभाव वेगळा असतो. छोट्यात एका बारच्या आतच आडवी चाल ऐकू येते. १५ च्या लूपमध्ये ती येत नाही. तिथे ओळखीची बारभराची आकृती दर फेरीला एक स्टेप लवकर येते आणि ऐकणाऱ्याला कळेपर्यंत ती दुसऱ्याच बीटवर टेकलेली असते. संमोहक टेक्नो हवा असेल तर १५ कडे जा. धावतं, ठसकेबाज काही हवं असेल तर ५ किंवा ७. मला स्वतःला ७ जास्त आवडतो, कारण तो ४ बारमध्ये नऊ वेळा बसतो आणि फक्त एक स्टेप उरते. ९ चंही तसंच, सात वेळा बसून एक स्टेप उरते. ही उरलेली स्टेप पुढे फार कामाला येते.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये

एबलटन लाइव्हच्या क्लिपमध्ये लूपच्या लांबीचे तीन आकडे असतात: बार, बीट, बीटचा चौथा भाग. ५ स्टेपसाठी ०.१.१, ७ साठी ०.१.३, ११ साठी ०.२.३, १५ साठी ०.३.३. सेशन व्ह्यूमध्ये प्रत्येक क्लिप आपापल्या लांबीने फिरते, त्यामुळे प्रयोगाला ही जागा सगळ्यात सोयीची.

लॉजिक प्रोच्या स्टेप सीक्वेन्सरमध्ये प्रत्येक ओळीला स्वतःची लांबी देता येते. म्हणजे एकाच पॅटर्नमध्ये किक १६ ची आणि हायहॅट ७ चा. एफएल स्टुडिओमध्ये विषम थराला स्वतंत्र पॅटर्न द्या, प्लेलिस्टचा स्नॅप ‘स्टेप’वर ठेवा, क्लिप हव्या त्या स्टेपवर कापा आणि तुकडे एकाला एक चिकटवून मांडा. थोडं हाताचं काम आहे, पण मांडणी डोळ्यांसमोर दिसते हा फायदा.

यंत्रांवर काम करत असाल तर एलेक्ट्रॉन डिजिटॅक्टसारख्या मशीनमध्ये प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते, शिवाय सगळ्या ट्रॅकनी किती स्टेपनंतर पुन्हा एकत्र सुरुवात करायची तेही ठरवता येतं. रोलँड टीआर-८एस मध्येही प्रत्येक वाद्याची शेवटची स्टेप वेगळी ठेवण्याची सोय आहे.

तिसरी पायरी: सम ठरवा

डान्स म्युझिकचे प्रसंग ८, १६, ३२ बारने बदलतात. डीजेची मिक्सिंगची सवयही त्यावरच बेतलेली. ७ किंवा १५ बारने येणारी भेट या चौकटीत बसत नाही. तेव्हा दोन वाटा उरतात.

पहिली वाट: दर ४ किंवा ८ बारनंतर लूप जिथे असेल तिथे तोडून पहिल्यापासून सुरू करा. ८ बार म्हणजे १२८ स्टेप. त्यात ७ चा लूप अठरा वेळा बसतो आणि २ स्टेप उरतात. १५ चा आठ वेळा बसतो आणि ८ उरतात. ७ च्या लूपचा दोन स्टेपवर तुटलेला तुकडा एखाद्या फिलसारखा (जागा भरणाऱ्या छोट्या तुकड्यासारखा) वाजतो, छान ठेच लागल्यासारखा. १५ चा अर्ध्यात तुटतो, तो मात्र चुकल्यासारखा वाटू शकतो. तिथे शेवटचा अर्धा बार हा थर म्यूटच करा.

लाइव्हमध्ये हे आपोआप करायचं तर क्लिपला फॉलो अ‍ॅक्शन द्या: वेळ ८ बार, कृती ‘प्ले अगेन’. अरेंजमेंट व्ह्यूमध्ये नवव्या बारवर क्लिप नुसती कापून चालत नाही, कारण कापलेला तुकडा मधल्या जागेपासूनच पुढे चालू राहतो. मूळ क्लिपची नवी प्रत सुरुवातीपासून तिथे ठेवा.

दुसरी वाट मला जास्त पसंत आहे: शेवटाकडून मोजा. तबलजी तिहाई (तोच तुकडा तीनदा) समेवर आणायची तर ती कुठून उचलायची हे उलट मोजून ठरवतो, तसंच. समजा ८ बारनंतर ड्रॉप (सगळं पूर्ण जोरात सुरू होतं ती जागा) आहे आणि १२ स्टेपचा लूप नेमका ड्रॉपवर पूर्ण व्हायला हवा. १२ चे दहा फेरे म्हणजे १२० स्टेप. मग लूप अर्धा बार उशिरा, म्हणजे ८ स्टेप सोडून सुरू करा. ७ साठी २ स्टेप सोडा, १५ साठी ८, ५ साठी ३, ११ साठी ७. सुरुवात थोडी वाकडी वाटते, पण तिकडे कुणाचं लक्ष नसतं. शेवट मात्र चोख बसतो आणि सगळ्यांचं लक्ष तिथेच असतं.

तिहाई तर सरळ फिल म्हणूनही वापरा. ६ स्टेपचा लूप घ्या: पाच ठोके, एक स्टेप रिकामी. ड्रॉपच्या आधीच्या बारच्या पहिल्या स्टेपवर सुरू करा. फेरे १, ७ आणि १३ वर सुरू होतील आणि तिसऱ्या फेरीचा पाचवा ठोका सतराव्या स्टेपवर, म्हणजे बरोबर ड्रॉपच्या किकवर पडेल. तो शेवटचा ठोका जोरात ठेवा. दोन बारची हवी असेल तर ११ स्टेपचा तुकडा तीनदा, मध्ये जागा न सोडता. एकूण ३३, आणि तेहतिसावी स्टेप सम. ज्यांनी आयुष्यात कधी तबला ऐकला नाही त्यांनाही शेवटचा ठोका कळतो. दोन वेळा ऐकलं की तिसऱ्याची अपेक्षा तयार होतेच.

चौथी पायरी: बेस, जपून

बेसचा लूप १५ चा केला की दर फेरीला त्याच्या नोट्स एक स्टेप लवकर येतात. काही बारमध्ये त्या किकच्या मधल्या जागेत छान बसतात, काही बारमध्ये थेट किकवर आदळतात. तळाचा आवाज एका बारला फुगतो, दुसऱ्याला बारीक होतो आणि मास्टरवरचा लिमिटर (एकत्रित आवाज मर्यादेत दाबून ठेवणारा) वाट्टेल तसा दम घेऊ लागतो. खोलीतल्या छोट्या स्पीकरवर हे कळत नाही, मोठ्या सिस्टीमवर लगेच कळतं.

यावर उत्तम उपाय म्हणजे बेसचे दोन भाग करणं. खालचा सब, साधारण १२० हर्ट्झच्या खालचा, १६ च्या लूपमध्ये ठेवा आणि किकला जागा सोडून वाजवा. त्यावरचा मिड-बेस १५ चा करा आणि त्याचं खालचं टोक हाय-पास फिल्टरने कापा. फिरण्याचा सगळा आनंद मिड-बेस देतो, जमीन सब धरतो.

एकच बेस ठेवायचा हट्ट असेल तर किकने चालणारा साइडचेन कॉम्प्रेसर (किक वाजताच बेस दाबणारा) लावा. अटॅक अगदी कमी आणि रिलीज १०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, म्हणजे एका स्टेपच्या आत बेस सावरतो. नोट्स स्टेपपेक्षा आखूड ठेवा आणि सूर एक किंवा दोनच. लय फिरते आहे, त्यात सूरही फिरले तर धरायला काहीच उरत नाही.

पाचवी पायरी: सुरांची लांबी वेगळी, ठोक्यांची वेगळी

ही माझी आवडती युक्ती आणि तुलनेने कमी वापरली जाणारी. लय सोळाचीच ठेवायची, पण सुरांची माळ वेगळ्या लांबीची. समजा बारमध्ये सहा ठोके आहेत: १, ४, ७, ९, १२, १५ वर. सूर पाच घ्या. ‘ए’ला सा मानून मालकंसाचे घ्यायचे तर ए, सी, डी, एफ, जी. (यातून मालकंस होत नाही, नुसते सूर घेतले आहेत. जाणकारांनी रागावू नये.) पहिल्या बारमध्ये पाच सूर वाजून सहाव्या ठोक्यावर पुन्हा ए येतो, म्हणून दुसरा बार सीवर सुरू होतो, तिसरा डीवर. तीस ठोक्यांनी, म्हणजे ५ बारनंतर, माळ मूळ जागी येते. ठोका एकदाही हललेला नाही, त्यामुळे नाचणाऱ्याच्या पायाला काही कळत नाही, पण धून सतत नवी वाटते.

सोपी पद्धत अशी: पाच बारची क्लिप करा, लय पाच वेळा चिकटवा आणि डावीकडून उजवीकडे नोट्स त्या क्रमाने वरखाली करत जा. पाच मिनिटांचं काम आहे. मग ही क्लिप ८ बारच्या चौकटीत आणताना वरचाच प्रश्न येतो आणि उत्तरही तेच, उलट मोजा. ८ बारमध्ये ४८ ठोके, पाचाचे नऊ फेरे म्हणजे ४५, तीन उरतात. ड्रॉपवर ए यायला हवा असेल तर माळ तिसऱ्या सुरापासून, म्हणजे डीपासून सुरू करा.

ब्रेकडाउन

ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे किक थांबते त्या भागात, विषम लूप मोकळा होतो. त्याला मोजणारं कुणी उरत नाही आणि तोच नवा ताल बनतो. १२ स्टेपचा आर्पेजिओ एकटा चार-सहा बार वाजला की ऐकणारा तीन बीटमध्ये मान हलवू लागतो. मग चाराची किक परत येते आणि क्षणभर पाय चुकल्यासारखा वाटतो. हा धक्का हवा असेल तर फार छान. नको असेल तर ब्रेकडाउनमध्ये हलकासा हायहॅट किंवा शेकर बीटवर चालू ठेवा. नुसता क्लॅपचा रिव्हर्बसुद्धा पुरतो.

चारापासून सुटण्याची टोकाची गोष्ट १९९४ सालची. ब्रिटनमध्ये रेव्ह पार्ट्यांवर बंधनं आणणारं विधेयक आलं होतं आणि त्यात ‘पुनरावृत्त होणाऱ्या ठोक्यां’चा उल्लेख होता. ऑटेकर या जोडीने त्याच्या निषेधात काढलेल्या ‘अँटी’ या ईपीमधला ‘फ्लटर’ हा ट्रॅक असा बांधला की त्यातले कोणतेही दोन बार सारखे नसावेत, आणि तसं वेष्टणावर छापलंही. राजकीय टोमणा म्हणून तो अफलातून होता. आपल्याला मात्र शनिवारी रात्री लोक नाचवायचे आहेत, तेव्हा किक सारखीच राहू द्या.

रेकॉर्ड करा, मग निवडा

सगळे थर फिरत असताना अरेंजमेंटमध्ये सलग पाच-सात मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवा. नंतर ऐकताना जिथे दोन थर अवचित छान जुळले असतील ते दोन किंवा चार बार कापून घ्या आणि त्यांचा साधा, सोळाचा लूप करा. अनेकदा ट्रॅकचा मुख्य हुक इथेच सापडतो. विषम लूप तेव्हा शोधाचं साधन ठरतो आणि अंतिम ट्रॅकमध्ये एकही विषम लूप उरत नाही. त्यात काही कमीपणा नाही.

ट्रॅकचे पहिले आणि शेवटचे १६ ते ३२ बार सरळ ठेवा. तिथे डीजे दुसरा ट्रॅक मिसळणार आहे, आणि त्यात तुमचा सरकता रिमशॉट आला तर त्याला वाटेल आपलंच बीटमॅचिंग चुकलं. स्विंग (दर दुसरी स्टेप किंचित उशिरा वाजवणं) लावत असाल तर तुमचं सॉफ्टवेअर तो गाण्याच्या ग्रिडवरून मोजतं की क्लिपच्या सुरुवातीपासून, हे ऐकून तपासा. क्लिपपासून मोजत असेल तर विषम लूपच्या दर दुसऱ्या फेरीला स्विंग उलटा पडतो आणि लंगडल्यासारखं वाजतं. तेव्हा त्या थरावर स्विंग नकोच.

ऑडिओ सॅम्पलचा लूप आखूड करताना कापलेल्या जागी टिकटिक येते. काही मिलिसेकंदांचा फेड द्या. रिव्हर्ब आधीच सॅम्पलमध्ये असेल तर शेपटी तुटते, म्हणून शक्यतो कोरडं सॅम्पल कापा आणि रिव्हर्ब नंतर लावा.

असा लूप दुसऱ्या कुणाला पाठवणार असाल तर फाइलच्या नावातच स्टेपची संख्या आणि टेम्पो लिहा. १२८ बीपीएमचा १५ स्टेपचा लूप १.७५८ सेकंदांचा असतो. समोरच्याचं सॉफ्टवेअर त्याला पूर्ण चार बीटचा बार समजलं, तर टेम्पो १३६.५ धरेल आणि १२८ च्या प्रोजेक्टमध्ये तो ताणून बरोबर सोळा स्टेपचा करून ठेवेल. तुमची सगळी आकडेमोड तिथेच पुसली जाईल. म्हणून फाइल उघडल्यावर सॅम्पलचा टेम्पो हाताने १२८ टाकायला सांगा, किंवा प्रोजेक्टही १२८ चाच असेल तर वॉर्प (टेम्पोनुसार सॅम्पल ताणणं) बंद करायला सांगा.